नात्याचा दोष

“नात्यातलं लग्न आहे का?” डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलली, “व्हय. मीच केलं. भावाची लेक मलाच पायजे म्हणून हट्ट धरला आन् घेऊन आले. सगळं माझ्यामुळं झालंय बाई, ते आधी ल्हिवा.”

डॉक्टर नसरीन मुजावर यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “ते नंतर बघू, मावशी. आधी हिला बोलू द्या.”

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली. पुण्यातल्या त्या हॉस्पिटलात आम्ही दोघी सकाळपासून नंबर लावून बसलो होतो. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि माझी सासूही तीच. गावात तिला सरूबाई म्हणत. विट्याजवळच्या आमच्या गावातले निम्मे पुरुष गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. त्यासाठी ते देशभर पांगलेत. माझे यजमान, हणमंत, तेव्हा कोइमतूरला होते. म्हणून बरोबर आत्या आली होती. मला तिसरा महिना संपत आला होता आणि खरं सांगायचं तर आम्ही मूल पाडायच्या तयारीनंच आलो होतो. सांगलीच्या डॉक्टरांनी म्हटलं होतं, एकदा पुण्याला दाखवा, रक्ताच्या तपासण्या करा आणि मोकळ्या व्हा.

“सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. “अगदी पहिल्यापासून. घाई करू नका. मी मूळची आष्ट्याची आहे, आपल्याच भागातली.”

मी सांगायला लागले. “पहिला मुलगा. कोइमतूरला झाला. पोटात तो कधी हलला नाही. हलणं म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, काही जणींना उशिरा कळतं. आठव्या महिन्यात झाला. हातपाय दुमडलेले. कोपर सरळ होईना, गुडघा सरळ होईना. थोडा वेळ श्वास घेतला, मग तोही थांबला.”

“कारण काय सांगितलं?”

“नीट कुणीच सांगितलं नाही. घरात वाटलं, दुकानातल्या ॲसिडचा धूर बाधला. म्हणून दुसऱ्या वेळी दिवस राहिल्याबरोबर मी गावाकडं आले. मुलगी होती. तीही तशीच. तिनं तर श्वासही घेतला नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, नवरा-बायकोचं रक्त एकच आहे, नात्यातलं लग्न आहे, पुन्हा या फंदात पडू नका.”

“ऐकलंसा?” आत्या म्हणाली.

त्या दिवसापासून आत्या बदलली होती. लग्नकार्याला जायची थांबली. मात्र भावकीत कुठं मामाच्या मुलीची बोलणी चालली आहेत असं कानावर आलं की न बोलावता जाऊन उंबऱ्यावर बसायची. “माझ्याकडं बगा,” म्हणायची, “दोन नातवंडं मातीत घातली मी.” दोन जमलेली लग्नं तिनं अशी मोडली. हळूहळू गावही तसंच बोलायला लागलं. माझी मुलं गेली असं कुणी म्हणत नसे. सरूबाईच्या हट्टापायी गेली, असं म्हणत.

हे सगळं मी सांगत होते आणि डॉक्टर माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या. मध्येच त्यांनी हात वर केला.

“एक मिनिट. तुम्ही आत आलात तेव्हा तुमचा आवाज असा नव्हता. आता नाकातून येतोय. रडू येतंय का?”

“नाही.”

“सर्दी?”

“नाही. जास्त बोललं की होतं असं.”

“कधीपासून?”

मला आठवेना. “बरीच वर्षं झाली असतील.”

“केस विंचरताना हात भरून येतात? भाकरी चावताना जबडा दुखतो? संध्याकाळी एकाच्या दोन वस्तू दिसतात?”

“दमल्यावर होतं की. सगळ्यांनाच होतं ना?”

“अशक्त हाय ती,” आत्या मध्ये पडली. “दोन बाळंतपणं झाली, पोरं गेली. अंगात काय ऱ्हाणार?”

डॉक्टर उठून माझ्यासमोर आल्या. “डोकं हलवायचं नाही. फक्त डोळे वर, छताकडे. मी सांगेपर्यंत खाली बघू नका.”

मी वर बघितलं. छताला पंखा होता, त्याच्या पात्यांवर काळी धूळ साचली होती. मी त्या पंख्याकडं बघत राहिले. मुलांचं सांगायला आलो आणि ही बाई माझे डोळे कशाला तपासतेय, एवढंच मनात होतं.

“माले!” आत्या एकदम ओरडली. “अगं, डोळं मिटू नगो. डॉक्टर काय सांगत्यात?”

“उघडेच आहेत की आत्या.”

“न्हाईत गं! न्हाईत उघडं!”

मी पंखा शोधला. पंखा नव्हता. वरून पापण्यांच्या केसांची काळी झालर आली होती आणि त्याखालच्या फटीतून मला फक्त टेबलाची कड दिसत होती. मी सगळा जोर लावून डोळे उघडायला गेले. कपाळ वर गेलं, भुवया वर गेल्या. पापण्या जागच्या हलल्या नाहीत. त्या माझ्या नव्हत्याच जणू.

“घाबरू नका,” डॉक्टर म्हणाल्या आणि नर्सला बर्फ आणायला सांगितलं. रबरी हातमोज्यात बर्फ भरून तो त्यांनी माझ्या उजव्या डोळ्यावर धरून ठेवला. पाणी गालावरून गळ्यात उतरत होतं. थोड्या वेळानं मोजा काढला तेव्हा आत्याच्या तोंडून “आई गं” एवढंच निघालं. नर्सनं मला आरसा दाखवला. उजवा डोळा टक्क उघडा होता. डावा अर्धा मिटलेला. एकाच चेहऱ्यावर दोन बायकांचे डोळे लावल्यासारखे.

“तुमचं आत्ताच्या आत्ता रक्त घेते,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि सोनोग्राफी करू. कुठं जाऊ नका. आज तुम्ही इथंच राहायचं.”

सोनोग्राफीच्या खोलीत त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. आधीच्या दोन्ही वेळी तो कुणी माझ्याकडं वळवला नव्हता. करड्या धुरकट खड्ड्यात एक इवलंसं काहीतरी पडलेलं होतं. आणि त्यानं पाय झाडला.

मी किंचाळलेच. “हे काय झालं?”

“काही नाही. हललं.”

“बाळ हललं?”

“हो. आत्ता हलतंय. पुढच्या महिन्यात हलेल की नाही, ते रक्ताच्या रिपोर्टवर आहे.”

रिपोर्ट यायला काही दिवस लागले. तोवर मला वॉर्डातली खाट मिळाली आणि आत्या खाली सतरंजी टाकून राहिली. ती सतत माझ्या डोळ्यांकडं बघायची. संध्याकाळ झाली की म्हणायची, “आलं बग खाली.” इतकी वर्षं आम्ही एका घरात राहत होतो. संध्याकाळी माझे डोळे जड होतात हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मुलांच्या दुःखानं रडून रडून सुजलेत, असंच सगळे समजत होते. मीसुद्धा.

मग एका सकाळी डॉक्टर आल्या. पडदा ओढून घेतला आणि खाटेच्या कडेवर बसल्या.

“नीट ऐका,” त्या म्हणाल्या. “बाळ अंगठ्याएवढं असतं तेव्हाच त्याच्या पाठीच्या कण्यातून नसा निघतात आणि वाढत वाढत हातापायांच्या स्नायूंपर्यंत जातात. नस स्नायूला चिकटत नाही, मध्ये बारीकशी फट राहते. नस त्या फटीत एक रसायन सोडते. स्नायूच्या अंगावर ते पकडणाऱ्या जागा असतात. सुरुवातीला त्या विखुरलेल्या असतात. नस जिथं येऊन टेकते तिथं गोळा होतात, बाकीकडच्या जातात. असं दोघांचं जुळलं की बाळ हलायला लागतं. आणि हलतं म्हणूनच त्याचे सांधे मोकळे राहतात. छाती वरखाली होते म्हणून फुप्फुसं वाढतात.”

“माझ्या मुलांचं जुळलं नाही?”

“जुळलं असणार. नसा चांगल्या होत्या, स्नायू चांगले होते. या बाळाचंही जुळलंय, तुम्ही परवा पाहिलंत.” त्यांनी रिपोर्ट उघडला. “तुमच्या रक्तात काही अँटीबॉडी सापडल्यात. रोगाशी लढायला शरीर ज्या तयार करतं, त्या. तुमच्या शरीरानं चुकून स्नायूवरच्या त्या जागांविरुद्धच तयार केल्यात. तुम्हाला त्या थोड्या बाधतात, म्हणून पापण्या मिटतात, आवाज नाकातून येतो. गारव्यानं तेवढ्यापुरतं सुधारतं, म्हणून बर्फानं डोळा उघडला. पोटातल्या बाळाच्या जागा जराशा वेगळ्या घडणीच्या असतात. त्यांच्यावर त्या फार जोरात बसतात. तिसऱ्या महिन्यानंतर वारेतून त्या बाळाकडं जायला लागतात. नस सांगत राहते, आणि स्नायूपर्यंत काही पोचत नाही.”

मला सगळं समजलं होतं, तरी मी विचारलं, “कुणाच्या रक्तात?”

“तुमच्या.”

माझ्या हाताला त्या सकाळी पुन्हा रक्त काढलेल्या ठिकाणी कापसाचा बोळा चिकटवलेला होता. मी त्याच्याकडं बघत राहिले. तो धडधडतोय असं मला वाटलं. मुलगा पोटात होता तेव्हा त्याच्या अंगाला लागावं म्हणून मी नको असतानाही खात होते. मुलीच्या वेळी तर डावी कूस सोडली नव्हती. आणि तेवढा सगळा वेळ माझं रक्त त्यांच्याकडं जात होतं.

“मी मारलं त्यांना?” मी म्हणाले.

“तुम्ही काही केलेलं नाही,” डॉक्टरांनी माझा हात धरला. “आजार आहे हा. यावर औषधं आहेत. आत्तापासून सुरू केली तर या बाळाला संधी आहे. खात्री मी देणार नाही. पण संधी आहे. ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.”

“ठेवायचं,” मी म्हणाले. कसं म्हणाले ठाऊक नाही. त्या हलणाऱ्या पायाखेरीज माझ्या डोळ्यांसमोर काही नव्हतं.

आत्या माझ्या उशाशी उभी होती. आता तिनं विचारलं, “म्हंजी नात्याचा काय संबंध न्हाई?”

“काही नाही, मावशी. हिचं लग्न कुठल्याही घरात झालं असतं तरी हेच झालं असतं.”

मला वाटलं, आत्या आता सुटली. डोक्यावरचा एवढा मोठा दगड उतरल्यावर माणूस निदान उसासा तरी टाकतं. आत्यानं उसासा टाकला नाही. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. पदर डोक्यावरून घेतला आणि ती पडदा सारून निघून गेली.

आत्या मला सोडून चालली असं मला वाटलं. तिचा एकुलता एक मुलगा, त्याची दोन मुलं, आणि ती खाणारी मी. तिनं का थांबावं? डॉक्टर गेल्यावर मी खाटेवरून उतरले आणि भिंतीला धरत बाहेर आले. जिन्याजवळच्या खिडकीशी आत्या पाठमोरी उभी होती. माझा मोबाईल तिच्या कानाला होता. ती कोइमतूरला बोलत होती.

“…व्हय, व्हय. नात्यामुळंच हाय म्हणत्यात. रगत एक झालं ना रं. मालाच्या अंगात काय सुदीक दोष न्हाई, डागदरनीनं सोता सांगितलं मला. बाळाच्या नसा जुळाय पायजेत, म्हणून आईला औषिद देत्यात. …न्हाई, तू येऊ नगो. मी हाय. आन् मालाच्या वडलांनाबी फोन करून तेवढंच सांग.”

मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले. तिनं फोन ठेवला, वळली आणि मला बघून दचकली.

“आत्या, खोटं का सांगितलंस?”

“उठ. थंडगार फरशीवर बसू नगो.”

“का सांगितलंस?”

ती माझ्याशेजारी बसली. माणसं वर-खाली जात होती, आम्ही भिंतीला चिकटून बसलो.

“तुला आपली भावकी म्हाईत न्हाई,” ती हळू आवाजात म्हणाली. “नात्याचा दोष म्हणलं की तो माझा. मी लग्न केलं. लोकांनी मला काय बोलायचं ते बोलून झालंय. आता बोलायचं र्‍हायलंय काय? तुझ्या रगताचा म्हणलं की तुझा. मग तू सवाष्णीच्या वटीला चालणार न्हाईस, कुणाच्या लेकराला हात लावू देणार न्हाईत. हणमाला दुसरी करा म्हणून दारात माणसं बसतील. मी साठीला आले माले. तू सत्तावीसची हायस.”

“पण तुझा दोष नाही ना! आत्ताच सांगितलं त्यांनी.”

“मला ऐकू आलं.”

“ह्यांना तरी खरं सांगू.”

“बाळ हातात येऊ दे. आलं की तुला काय बोलायचं ते बोल. तोवर माझी शपथ हाय.”

मी शपथ पाळली. औषधं सुरू झाली. गोळ्यांनी तोंड भोपळ्यासारखं सुजलं. मधूनमधून एका मशीनला जोडून माझं रक्त फिरवत, त्यातला पिवळा भाग काढून टाकत आणि बाकीचं परत अंगात सोडत. आम्ही गावाकडं गेलोच नाही. हॉस्पिटलजवळ एक खोली घेतली. आत्या स्टोव्हवर स्वयंपाक करायची आणि फोनवर साऱ्या गावाला तीच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायची. इतकी मनापासून, की कधीकधी मलाच वाटायचं, खरं तेच असेल.

पाचव्या महिन्यात एका दुपारी मी मेथी निवडत बसले होते. अचानक पोटात आतून कुणीतरी टिचकी मारली. माझ्या हातातली जुडी खाली पडली. मी ओरडले, “आत्या, धाव! आत काहीतरी फुटलं!”

आत्या धावत आली. “रगत गेलं?”

“नाही. आत काहीतरी तुटलंय. पुन्हा झालं! आत्या, दवाखान्यात चल!”

तिनं माझ्या पोटावर तळवा ठेवला. ठेवला आणि तशीच राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, संपलं.

“येडे,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज मोडला. “हलतंय ते. दोन बाळंतपणं झाली तुझी, तुला हलणंबी ठाऊक न्हाई?”

मी तिच्याकडं बघत राहिले. पुन्हा टिचकी बसली. मला आनंद वगैरे काही झाला नाही. बायका ज्याला हलणं म्हणतात ते हे; आणि ते माझ्या दोन मुलांनी मला कधी सांगितलंच नव्हतं.

मुलगी झाली. एक पाऊल आत वळलेलं होतं, ते पुढं प्लास्टर घालून सरळ झालं. ओठांत जोर नव्हता, म्हणून दूध बोंडल्यानं पाजावं लागे. आजही तिचं हसू ओठांवर पुरतं येत नाही, नवख्या माणसाला ती रागावलीय असं वाटतं. पण जन्मल्याबरोबर ती रडली. डॉक्टर मुजावरांनी तिची कोपरं वाकवून सरळ करून मला दाखवली, आणि पुन्हा एकदा, माझा विश्वास बसावा म्हणून.

बारसं गावात केलं. हणमंत आदल्या दिवशी संध्याकाळी कोइमतूरहून आले. घर पाहुण्यांनी भरलेलं, दोघांना बोलायला कोपरा मिळाला नाही. आणि आत्या माझ्या आसपासच घुटमळत होती. मी काय बोलणार हे तिनं ओळखलं असावं.

पाळणा म्हणून झाला, सानिका हे नाव ठेवलं, घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली. तेवढ्यात आत्याची थोरली जाऊ गजराबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सरू, देवानं ही पदरात टाकली. पण त्या दोघांचा तळतळाट हाय तुझ्यावर, इसरू नगोस.”

आत्या मान खाली घालून म्हणाली, “व्हय गजराबाई. माझाच दोष.”

मी उठून उभी राहिले. “नाही,” मी म्हणाले. “आत्याचा दोष नाही. नात्याचा काही संबंध नव्हता. माझ्या रक्तात दोष आहे. तो वारेतून मुलांकडं जात होता, म्हणून ती हलली नाहीत. आत्याला हे पुण्यातच कळलंय. माझ्यासाठी ती खोटं बोलत होती.”

पाळण्याची दोरी माझ्या चुलत नणंदेच्या हातात होती. तिनं ती सोडून दिली आणि हात पदराला पुसला. एकीनं आपलं पोर उचलून कडेवर घेतलं. अगदी आत्या म्हणाली होती तसंच. आत्या माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी तिच्या थोबाडीत मारलीय.

हणमंत दारात उभे होते, हातात घुगऱ्यांची परात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. मग त्यांनी परात खाली ठेवली. बायकांच्या मधून वाट काढत ते पाळण्यापाशी आले, सुटलेली दोरी हातात घेतली.

“मग पुढच्या खेपेला,” ते मला म्हणाले, “ते औषध पहिल्यापासूनच चालू करायचं का? डॉक्टरांना विचारलंस?”

बायकांच्या तोंडाला पदर गेले. भर बारशात, चार बायकांत, पुरुषानं असं विचारायचं! मी नुसती मान हलवली, हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही.

आणि आत्या मटकन खाली बसली. दोन नातवंडं गेली तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी ती सगळ्या भावकीसमोर हंबरडा फोडून रडली. गजराबाई तिचे खांदे धरून म्हणत होती, “अगं सरू, शुभ कार्यात रडू न्हाई, गप.” आत्या गप्प बसेना. गजराबाईचे दोन्ही हात घट्ट धरून ती एकच सांगत राहिली, “माझा दोष नव्हता गं गजरा. माझा दोष नव्हता.”